पडद्यामागची पात्रयादी : अंतर्गत संकेतस्थळांच्या डागडुजीचा इतिहास

मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत आपल्या वरिष्ठांपुढे एक प्रस्ताव ठेवला. पुढे जग ज्याला वर्ल्ड वाइड वेब म्हणून ओळखू लागले, त्याचा हा पहिला कागद. त्यातली चिंता मात्र अगदी घरगुती आहे. संस्थेत माणसे येतात, साधारण दोन वर्षे राहतात आणि निघून जातात. कोणते यंत्र कोणी उभारले, कोणता निर्णय का झाला, ही माहिती त्यांच्याबरोबर जाते. ती टिकवावी कशी, हा त्या कागदाचा प्रश्न. म्हणजे एका संस्थेच्या भिंतींआतली गरज आधी होती आणि सार्वजनिक महाजाल त्या गरजेच्या पोटातून बाहेर पडले. इंट्रानेट हा शब्द १९९५ च्या आसपास रूढ झाला, तेव्हा एका अर्थी वेब माहेरी परतत होते.

साहित्याच्या अभ्यासकांनी महाजालावर बरेच लिहिले आहे. हायपरटेक्स्टमधली कादंबरी, जालनिशी, लेखकाचे विसर्जन वगैरे विषयांवर चर्चासत्रेही झाली. कचेरीतल्या अंतर्गत पानांकडे मात्र कोणी वळले नाही. रजेचे अर्ज, परिपत्रके, विभागप्रमुखाचा संदेश, उपाहारगृहाचा आठवड्याचा बेत, निवृत्त होणाऱ्याच्या निरोपसमारंभाची सूचना असा तो ऐवज असतो, आणि त्याला वाङ्मय म्हणावे असा आमचाही आग्रह नाही. परंतु लाखो माणसे दिवसाचे आठ तास याच पानांच्या सहवासात काढतात. ही पाने मोडली की ती उघडण्यासाठी एक निराळी वाट वापरावी लागते आणि त्या वाटेने गेल्यावर पानाचे एक निराळेच रूप दिसते. पाठ आणि प्रयोग यांतल्या भेदाचा विचार करणाऱ्यांना ते रूप अनोळखी वाटणार नाही.

आपल्याकडे या व्यवहारासाठी शब्दांची वाण नाही. भिंतीला पोपडे आले तर डागडुजी, यंत्र बंद पडले तर दुरुस्ती, देऊळ खचले तर जीर्णोद्धार, आणि काही बिघडलेले नसतानाही रोज करायची ती निगा. इंग्रजीतला ‘मेंटेनन्स’ या साऱ्यांना एकाच पोत्यात भरतो. संगणकावरच्या ‘मेंटेनन्स मोड’ला आम्ही या लेखात देखभाल-अवस्था म्हणणार आहोत, तिच्यात वरचे चारही प्रकार चालतात हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या अवस्थेचे पूर्वज जालापेक्षा जुने आहेत. युनिक्स प्रणालीत यंत्राला ‘एकल वापरकर्ता’ अवस्थेत सुरू करण्याची सोय होती. एरवी डझनावारी माणसांना एकाच वेळी सेवा देणारे यंत्र या अवस्थेत फक्त एकाच व्यक्तीचे ऐकते, आणि ती व्यक्ती बहुधा यंत्राशेजारीच बसलेली असते. त्याच प्रणालीत ‘नोलॉगिन’ नावाची एक फाइल ठरावीक जागी ठेवली की प्रमुख प्रशासक सोडून कोणालाही आत येता येत नाही. येऊ पाहणाऱ्याला त्या फाइलीत लिहिलेला मजकूर दाखवला जातो आणि परत पाठवले जाते. दारावर पाटी लावावी आणि पाटी लावणे हीच कडी ठरावी, असा हा प्रकार. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ मधला ‘सेफ मोड’ याच घराण्यातला: आवश्यक तेवढेच चालू करायचे, बाकी सारे झोपलेले ठेवायचे, आणि दुखणे कुठे आहे ते शोधायचे. वेबच्या शिष्टाचारसंहितेतही यासाठी जागा होती. मे १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात ५०३ हा संकेत आहे. सर्व्हरवर भार फार झाला आहे किंवा देखभाल चालू आहे, आणि ही स्थिती तात्पुरती आहे, असा त्याचा अर्थ. १९९७ च्या १.१ आवृत्तीत ‘अमुक वेळाने पुन्हा या’ असे सांगण्याची तरतूद या संकेताबरोबर नमूद झाली.

या साऱ्या उपायांत एक गोष्ट समान होती. सर्व्हरवर ज्याचा हात, दुरुस्ती त्याच्या हाती. पान लिहिणारा बिचारा बाहेर उभा. हे चित्र बदलले ते कचेरीतल्या सामान्य माणसाने स्वतः पाने मांडावीत अशी साधने आल्यावर, आणि इथे आम्ही एकाच उत्पादनाचा माग काढणार आहोत, कारण जगभरच्या कंपन्यांची अंतर्गत संकेतस्थळे मोठ्या प्रमाणावर त्याच्यावर उभी राहिली. ते म्हणजे मायक्रोसॉफ्टचे शेअरपॉइंट.

त्याची कुळी थोडी गमतीची आहे. ‘फ्रंटपेज’ हे पान रचण्याचे साधन मुळात व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीचे. डच चित्रकाराचे नाव धारण करणारी ही कंपनी मायक्रोसॉफ्टने जानेवारी १९९६ मध्ये विकत घेतली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे ‘व्हीटीआय’. फ्रंटपेजने सर्व्हरवर निर्माण केलेल्या फोल्डरांच्या नावांत ती अक्षरे घातलेली होती. फ्रंटपेज कालबाह्य झाले, कंपनी विसरली गेली. परंतु शेअरपॉइंटच्या पत्त्यांमध्ये ‘व्हीटीआय’ अजून भेटते. गावाच्या नावात एखादे लुप्त कुळ टिकून राहावे तसे हे आहे. नामव्युत्पत्तीची आवड असणाऱ्यांनी कधीतरी अशा पत्त्यांकडे नजर टाकावी.

२००१ मध्ये शेअरपॉइंटची पहिली दोन भावंडे आली, आणि २००३ च्या आवृत्तीत दोघांचा पाया एक होऊन सारा मजकूर एसक्यूएल सर्व्हर या विदागारात जाऊ लागला. या आवृत्तीचे मर्म ‘वेब पार्ट’ या कल्पनेत होते. पान म्हणजे सलग मजकूर नव्हे. पान म्हणजे खिडक्यांची मांडणी. एका खिडकीत सूचना, दुसरीत दस्तऐवजांची यादी, तिसरीत दुसऱ्याच कुठल्या यंत्रणेतून ओढून आणलेले आकडे. प्रत्येक खिडकी हा एक छोटा कार्यक्रम असून पान उघडण्याच्या क्षणी तो चालतो. म्हणून पान ‘लिहिलेले’ नसते, दर वेळी नव्याने घडत असते. आमच्या वाचकांना नाटकाची उपमा लगेच सुचेल आणि ती योग्यच आहे: विदागारात आहे ती संहिता, पडद्यावर दिसतो तो प्रयोग.

आता एका नटाचा आवाज गेला तर काय व्हावे? रंगभूमीवर बाकीचे सांभाळून घेतात. येथे पुष्कळदा तसे होत नसे. एका सदोष वेब पार्टमुळे संपूर्ण पान कोसळे आणि त्याच्या जागी त्रुटीचा कोरा संदेश येई. सदोष भाग काढून टाकायचा तर पान संपादनासाठी उघडले पाहिजे. पान तर उघडतच नाही. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप, अशी ही अडचण होती.

यावरचा तोडगा पत्त्याच्या शेपटीत होता. पानाच्या पत्त्याला शेवटी एक प्रश्नचिन्ह जोडायचे, पुढे ‘कंटेंट्स’ हा इंग्रजी शब्द, मग बरोबरीचे चिन्ह आणि एकाचा आकडा. एवढे केले की पान चालत नाही, पानाची यादी उघडते. कागदोपत्री हे अगदीच गुप्त नव्हते. दस्तऐवजांच्या संग्रहात ठेवलेल्या पानाच्या गुणधर्मांमध्ये देखभालीच्या दृश्याचा दुवा असे. काही त्रुटींच्या संदेशातही तो मिळे. पण मुखपृष्ठ बहुधा अशा संग्रहात नसे आणि त्रुटी गंभीर असली तर दुवाही नसे. तेव्हा हे शेपूट माहीत असलेला माणूसच कामाला येई. ते शेजारच्या टेबलावरून शिकले जाई, पिवळ्या चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवले जाई. लिखित साहित्याच्या एवढ्या डोंगरात एक छोटी मौखिक परंपरा अशी जगत होती. पुण्या-मुंबईतल्या कचेऱ्यांतून परदेशी कंपन्यांच्या यंत्रणांची रात्रपाळी करणाऱ्या कितीतरी तरुणांनी हा मंत्र याच रीतीने घेतला आहे.

त्या यादीच्या पानावर जे दिसे ते विचार करण्याजोगे आहे. रंग नाहीत, चित्रे नाहीत. एक साधा तक्ता: वेब पार्टचे शीर्षक, त्याचा प्रकार, आणि ‘पानावर उघडा आहे काय?’ या प्रश्नाला होय किंवा नाही. नाटकाच्या पुस्तकाच्या आरंभी छापलेली पात्रयादीच ही. नाव, नाते, आणि या क्षणी रंगमंचावर आहे की नाही. खाली मोजकी बटणे: बंद करा, पूर्ववत करा, काढून टाका. प्रयोग थांबवून संहितेकडे परत जाण्याचा याहून निखालस मार्ग आम्हाला ठाऊक नाही. संशयित भाग निवडावा, बंद करावा, शेपूट काढून पान पुन्हा उघडून पाहावे. उघडले तर चोर सापडला, नाही तर पुढचा. पाठचिकित्सा करणारा संपादक एकेक पोथी बाजूला ठेवून पाहतो की दोष कोठून शिरला, त्याच धर्तीचे हे काम होते, आणि तेवढेच कंटाळवाणेही.

तक्त्यातला तिसरा रकाना हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे असे आम्हाला वाटते. शेअरपॉइंटमध्ये ‘बंद करणे’ आणि ‘काढून टाकणे’ या दोन वेगळ्या क्रिया होत्या, आणि सामान्य वापरकर्त्याला त्यांतला फरक माहीत नसे. खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली की खिडकी दिसेनाशी होई. मारणाऱ्याला वाटे की ती गेली. ती गेलेली नसे. ती ‘बंद’ होऊन पानाच्या नोंदीतच पडून राही. कोणी पुन्हा तीच खिडकी नव्याने लावी, पुन्हा बंद करी. वर्षानुवर्षे वापरलेल्या पानाच्या पोटात अशा मिटलेल्या खिडक्यांचा ढीग साचे आणि पानाचा वेगही त्यामुळे मंदावे.

आमच्यापैकी एकजण २००८ च्या सुमारास एका कचेरीत असे पान उघडण्याच्या कामात मदतीला होता. पानावर उघड्या होत्या पाच खिडक्या; यादीत निघाल्या एकोणीस. दोन वर्षांपूर्वी गुंडाळलेल्या विभागाची सूचनापेटी होती. बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचे स्वागतपर निवेदन होते. एका सहकाऱ्याच्या निधनानंतर ठेवलेला, आणि काही दिवसांनी कोणीतरी संकोचाने मिटवलेला, फोटोही होता. दुरुस्तीचे नियम सांगत होते की बंद खिडक्या काढून टाकाव्यात. रात्रपाळीच्या मुलाने बाकीच्या तेरा काढल्या आणि ती एक ठेवली. कामाच्या नोंदीत त्याने काय लिहिले ते आम्ही विचारले नाही.

सर्नच्या त्या प्रस्तावातली चिंता अशी उलट्या बाजूने खरी ठरत होती. माणसे जात होती, त्यांची माहिती जात नव्हती. ती मिटलेल्या अवस्थेत मागे उरत होती आणि ती वाचण्याचा अधिकार अशा माणसाकडे होता ज्याने ती माणसे पाहिलेलीही नव्हती. अभिलेखागार म्हणून कोणी ते जपले नव्हते. दुरुस्ती करणारा हाच त्या अभिलेखांचा पहिला आणि बहुधा शेवटचा वाचक.

आणखी एक गुंता होता. एकाच पानाची दोन रूपे असू शकत: सर्वांचे सामायिक दृश्य आणि एखाद्याने स्वतःपुरते बदलून घेतलेले वैयक्तिक दृश्य. त्यामुळे पान एकालाच मोडलेले दिसे, शेजाऱ्याला धडधाकट. तक्रार करणाऱ्यावर कोणाचा विश्वास बसत नसे. देखभालीच्या पानावर या दोन दृश्यांत जाण्यायेण्याची सोय होती, आणि येथेच मोठे अपघात होत: आपले दृश्य साफ करतो आहोत अशा समजुतीने सामायिक दृश्यातला भाग काढून टाकला की तो साऱ्या कचेरीच्या पानावरून नाहीसा होई.

पानांच्या बाबतीत याच काळात ‘घोस्टेड’ आणि ‘अनघोस्टेड’ अशी परिभाषा चालत होती. ज्या पानात कोणी फेरफार केला नाही त्याला विदागारात स्वतःचा देह नसे. सर्व्हरच्या तबकडीवरच्या एकाच साच्यातून हजारो स्थळांची पाने प्रकट होत, म्हणून ती भुते. फ्रंटपेजने एखाद्या पानाला हात लावला की त्याची स्वतंत्र प्रत विदागारात पडे आणि भूत देहधारी होई. देहधारी पानावर यंत्रणेचा विश्वास मात्र कमी. ते ‘सेफ मोड’मधूनच वाचले जाई: त्यात कोणी लिहिलेली आज्ञावली चालवायची नाही, आणि जे घटक सुरक्षित म्हणून यादीत नोंदलेले आहेत तेवढेच उभे करायचे. २००७ च्या आवृत्तीत असे पान मूळ साच्याकडे परत नेण्याची सोय पडद्यावरच मिळू लागली. पुढे अधिकृत भाषेत भुते गेली आणि ‘बदललेले’ व ‘न बदललेले’ असे सपक शब्द आले. आम्हाला जुनी परिभाषा अधिक अचूक वाटते.

दरम्यान संपूर्ण स्थळ बंद ठेवण्याच्या रीतीही बदलत होत्या. २००५ च्या एएसपी डॉट नेट २.० मध्ये नोलॉगिनचा जणू पुनर्जन्म झाला. ‘ॲप ऑफलाइन’ नावाची एक एचटीएमएल फाइल स्थळाच्या मुळाशी ठेवली की कार्यक्रम थांबे आणि प्रत्येकाला त्या फाइलीतला मजकूर दिसे. तिच्याबाबत एक मासलेवाईक सूचना प्रसृत होती: फाइल ५१२ बाइट्सहून मोठी असावी. कारण इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझर सर्व्हरचा त्रुटिसंदेश फार छोटा असेल तर तो दाखवतच नसे, स्वतःचा ठरीव संदेश दाखवी. तेव्हा प्रशासक आपल्या दोन ओळींच्या क्षमायाचनेत वाचकाला न दिसणारा फापटपसारा भरत. मितभाषी माणसाचे बोलणे पोहोचू नये अशी व्यवस्था केवळ सभा-संमेलनांतच असते असे नाही.

त्रुटीच्या संदेशांची भाषा हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. २००७ च्या आवृत्तीतला संदेश अनपेक्षित चूक घडल्याचे सांगून गप्प बसे. खरे कारण पाहायचे तर सर्व्हरवरच्या मांडणीच्या फाइलीत दोन-तीन नोंदी बदलाव्या लागत. २०१० पासून संदेशाखाली ‘कोरिलेशन आयडी’ नावाचा बत्तीस चिन्हांचा क्रमांक येऊ लागला. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. प्रशासकाला मात्र तो घेऊन सर्व्हरच्या रोजनाम्यात नेमकी ती घटना शोधता येते. म्हणजे संदेश ज्याला दिसतो त्याच्यासाठी तो नाहीच. तो निरोप्या आहे.

२०१६-१७ पासून शेअरपॉइंटमध्ये ‘आधुनिक’ पाने आली आणि कंपन्यांचा मजकूर झपाट्याने मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्व्हरांवर, ज्याला ढग म्हणतात तेथे, जाऊ लागला. या बदलात प्रशासकाच्या हातून बरेच काही निसटले. यंत्राशेजारी बसणे नाही, मुळाशी फाइल ठेवणे नाही, रोजनामा उघडणे नाही. शेपूट तेवढे उरले, तेही नव्या शब्दांत: प्रश्नचिन्ह, मग ‘मेंटेनन्समोड’, बरोबरीचे चिन्ह आणि ‘ट्रू’. असे उघडलेल्या पानावर प्रत्येक वेब पार्टच्या जागी त्याचे काम न दिसता त्याची माहिती दिसते, आणि सदोष भाग तेथून काढता येतो. ‘कंटेंट्स’ हा शब्द पानात काय आहे ते विचारीत होता. नवा शब्द अवस्थेचे नाव घेतो. हे लिहूनही ठेवलेले आहे, कोणाला शेजारच्या टेबलावर विचारावे लागत नाही.

ज्यांनी सर्व्हर आपल्याच कचेरीत ठेवले होते त्यांच्यावर जुलै २०२५ मध्ये आपत्ती कोसळली. ‘टूलशेल’ या नावाने ती ओळखली गेली. वेब पार्टचे गुणधर्म बदलण्यासाठी शेअरपॉइंटमध्ये ‘टूलपेन’ नावाचे पान असते. हल्लेखोरांनी त्याच पानाला संपादनाच्या अवस्थेत उघडण्याची विनंती पाठवली आणि आपण ‘साइन आउट’च्या पानावरून आलो आहोत असे सोबत कळवले. बाहेर पडणाऱ्याला ओळख विचारायची नसते, या समजुतीने यंत्रणेने त्यांना आत घेतले. देखभालीसाठी ठेवलेली मागची वाट चोरवाट ठरण्याचे याहून बोलके उदाहरण शोधून मिळणार नाही. आत शिरलेल्यांनी सर्व्हरच्या गुप्त कळा उचलल्या, म्हणून ठिगळ लावून भागले नाही. कळा बदलाव्या लागल्या. ज्यांचा मजकूर ढगात होता ते या वेळी वाचले. आपल्या घराची किल्ली आपल्याकडे असावी असे म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांना हे उत्तर देणे सोपे नाही, आणि तरीही ज्या घराचा रोजनामा आपल्याला उघडता येत नाही ते घर आपले कसे, हा प्रश्न आम्ही सोडायला तयार नाही.

आधुनिक पानांत खिडकी मिटवण्याची सोय ठेवलेली नाही. असते किंवा नसते. काढून टाकलेला मजकूर शोधायचा तर पानाच्या आवृत्त्यांच्या इतिहासात जावे लागते. तेथे तारीख असते, बदल करणाऱ्याचे नाव असते, आणि किती आवृत्त्या ठेवायच्या याची मर्यादा स्थळाच्या मांडणीत ठरवलेली असते.